आवाज फुटतोय, म्हणून बाई बदलायच्या का?

«माझा मुलगा १३ वर्षांचा आहे, आठवीत. सातव्या वर्षापासून शेजारच्या सोसायटीतल्या बाईंकडे गाणं शिकतो. गांधर्व महाविद्यालयाच्या प्रवेशिका पूर्णपर्यंतच्या संगीत परीक्षा झाल्या, सगळ्या पहिल्या वर्गात. गेल्या वर्षी आंतरशालेय स्पर्धेत पहिला आला. या वर्षी त्याचा आवाज फुटायला लागला आणि सगळंच बिनसलं. स्पर्धेत वरचा सा लावताना आवाज चिरकला, मुलं हसली, नंबर गेला. तेव्हापासून चार महिने बाईंनी एकही नवा राग दिलेला नाही. परवा त्याला आणायला गेले तेव्हा दारातून ऐकत होते. यमन चालला होता. हा तीव्र मध्यमाशी अडखळला. बाई काहीच बोलल्या नाहीत. इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याची पट्टी खाली उतरवली आणि नुसता सा लावायला सांगितला. पंधरा मिनिटं नुसता सा! मग तालाचे बोल हातावर म्हणायला लावले. याचे का आपण पैसे भरतो, असं मनात आलं.

स्टेशनजवळ एक मोठी अकॅडमी निघाली आहे. तिथे व्हॉइस ट्रेनिंगचे सर वेगळे, तालाचे वेगळे, स्टेजचे वेगळे. रिअ‍ॅलिटी शोच्या ऑडिशनची तयारी करून घेतात. सहा महिन्यांत फरक दिसेल म्हणतात. महिनाअखेरपर्यंत वर्षाची फी एकदम भरली तर सवलत आहे. आमचे हे म्हणतात, बदलून टाक, पी. व्ही. सिंधूनेसुद्धा कोच बदललेच की. बाईंचं वय ६४, त्या अजून किती वर्षं शिकवणार? शिवाय मुलग्याचा आवाज बाईमाणसाकडे कसा तयार होणार? मुलाला विचारलं तर म्हणतो, ‘तुम्ही म्हणाल तसं.’ आणि बदलायचं ठरलंच, तर बाईंना सांगायचं कसं, या विचाराने मला झोप येत नाही.»

— एक आई, डोंबिवली

ताई, नमस्कार.

उत्तर आधी देते, कारणं मागून. आत्ता बाई बदलू नका. आवाज बसेपर्यंत तर नाहीच. त्यानंतर बदलायची वेळ आली तर ते बाईंना विश्वासात घेऊन कसं करायचं, तेही पुढे लिहिते.

दारातून ऐकलेली ती पंधरा मिनिटं तुम्हाला फुकट गेल्यासारखी वाटली. मला ती वाचून तुमच्या बाईंबद्दल आदर वाटला. मीही आयुष्यभर मुलांना गाणं शिकवत आले आहे, म्हणून त्या पंधरा मिनिटांत काय चाललं होतं ते जरा सविस्तर सांगते.

या वयात मुलग्यांचं स्वरयंत्र झपाट्याने वाढतं. स्वरतंतू लांब आणि जाड होतात आणि आवाज साधारण एक सप्तक खाली उतरतो. काळी चारमध्ये, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीला सा धरून, गाणारा मुलगा शेवटी पांढरी एक, काळी एक, काळी दोन अशा कुठल्यातरी पट्टीत स्थिरावतो. याला कुणाला काही महिने लागतात, कुणाला वर्ष-दोन वर्षं. मधल्या काळात वरचे स्वर हातचे गेलेले असतात आणि खालचे अजून आलेले नसतात. कधीकधी जेमतेम पाच-सहा स्वर नीट लागतात, आणि सकाळी लागलेला स्वर संध्याकाळी लागेलच असं नाही. अशा गळ्याला नवा राग देऊन करायचं काय? रागाचा विस्तार करायचा तर गळा मंद्र म्हणजे खालच्या सप्तकापासून तार म्हणजे वरच्या सप्तकापर्यंत फिरायला हवा. जुन्याच पट्टीत जोर लावून गाऊन घेतलं, तर मान ताणण्याची आणि गळा आवळून सूर काढण्याची सवय लागते. आवाज बसल्यावरही ही सवय सुटत नाही. असे गळे मी पुष्कळ ऐकले आहेत. विशीत आलेली मुलं, सुरेल, तयारीची, पण तार सप्तकात गेली की ऐकणाऱ्यालाच घशात दुखायला लागतं.

तेव्हा बाईंनी पट्टी उतरवली, म्हणजे त्या दिवशीचा त्याचा सा कुठे आहे ते शोधलं. मग तो सा त्याला स्वतःला ओळखीचा होईपर्यंत लावून घेतला. सहा वर्षं जो आवाज स्वतःचा म्हणून माहीत होता तो गेला आहे आणि नवा अजून अनोळखी आहे. या मुलाला आत्ता सगळ्यात जास्त गरज आहे ती याच ओळखीची. तालाचे बोल हातावर घेतले, कारण त्यात गळ्याला विश्रांती मिळते आणि लय पक्की होत राहते. आवाज फुटण्याच्या काळात ज्यांनी ताल नीट केला, त्यांचं पुढचं गाणं किती सोपं जातं हे कुठल्याही गाणं शिकवणाऱ्याला विचारा.

आणि त्या काही बोलल्या नाहीत, याकडेही बघा. स्पर्धेत मुलं हसली ते बाईंना ठाऊक आहे. तीव्र मध्यमाशी अडखळल्यावर ‘पुन्हा म्हण’ असं कुणीही म्हटलं असतं. बाईंनी तो स्वरच बाजूला ठेवला, कशाचीही वाच्यता न करता. कुठल्या मुलाला त्या क्षणी दटावायचं आणि कुणाला त्या जागेवरून अलगद दुसरीकडे न्यायचं, हे पुस्तकात नसतं. त्या मुलाला वर्षानुवर्षं बघितल्यावरच ते कळतं.

माझ्याकडे एक मुलगा शिकायला होता. सूर हलायच्या आधी तो डावा हात मांडीवर घट्ट धरायचा. त्याला स्वतःला हे माहीत नव्हतं, त्याच्या आईलाही नव्हतं. मला ते समजायला बरेच महिने लागले. एकदा कळल्यावर मात्र काम सोपं झालं. हात आवळला की मी पेटीवर त्याला हवा असलेला स्वर हळूच धरायची, आणि चूक व्हायच्या आधीच तो सावरायचा. हळूहळू हात सुटला, सूरही सुटला. तो गाव बदलून गेला तेव्हा मी पुढच्या गुरुजींना पत्र लिहिलं. काय काय शिकवलं, कुठले राग झाले, कुठल्या बंदिशी झाल्या, सगळं लिहिलं आणि हातांचंही लिहिलं. पण जे मी लिहू शकले नाही तेच बरंच जास्त होतं. तो कंटाळल्यावर कसा दिसतो आणि घाबरल्यावर कसा, कुठल्या दिवशी ताना घ्यायच्या आणि कुठल्या दिवशी नुसतं समोर बसवून त्याला रेकॉर्ड ऐकवायची. तुमच्या बाईंकडे तुमच्या मुलाविषयीचं असं सहा वर्षांचं ज्ञान आहे. फीच्या पावतीवर ते कुठे दिसत नाही. तुम्ही बाई बदललीत तर ते कुठेही हस्तांतरित होणार नाही, तिथेच संपेल.

आता यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगते. शिकणाऱ्या मुलाला वाईट गाता यावं लागतं. म्हणजे अशी एक जागा लागते जिथे चिरकलं, बेसूर झालं, दम तुटला तरी आपली किंमत कमी होत नाही. अनोळखी माणसासमोर मुलं चांगली बाजू दाखवतात आणि कच्ची बाजू लपवतात. मोठी माणसंही हेच करतात. नव्या शिक्षकासमोर तुमचा मुलगा जे स्वर येतात तेवढेच गाईल, जे येत नाहीत ते टाळेल. ते टाळण्यात तो इतका हुशार होईल की नव्या सरांना पत्ताही लागणार नाही. दोष झाकून गाणारं मूल पटकन चांगलं वाटतं आणि तिथेच थांबतं. बाईंसमोर तो पहिल्यांदा ‘सा’ लावायला शिकला. त्याचं सगळं वाईट गाणं त्यांनी ऐकलेलं आहे. आत्ता, नेमका आवाज फुटत असताना, त्याच्यासाठी जगात कदाचित एकच खोली अशी असेल जिथे चिरकलेल्या आवाजाची त्याला लाज वाटत नाही. ती खोली आपण त्याच्याकडून काढून घेऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

अकॅडमीविषयी. मी ती पाहिलेली नाही, तिथले शिक्षक उत्तम असतील. माझी शंका रचनेविषयी आहे. एक जण आवाज बघणार, दुसरा ताल, तिसरा स्टेज. मग पूर्ण मुलगा कोण बघणार? आणि सहा महिन्यांत फरक दाखवायचं वचन दिलेला शिक्षक काय करेल, याचा विचार करा. तो वाईट माणूस असायची गरज नाही. त्याला सहा महिन्यांत पालकांना काहीतरी ऐकवायचं आहे, म्हणून तो दोन चटकदार गाणी घोटून घेईल आणि ती छान बसवेल. ज्या शिक्षिकेला माहीत आहे की हा मुलगा आणखी चार-पाच वर्षं आपल्यासमोर बसणार आहे, तीच पंधरा मिनिटं नुसत्या सा वर घालवायचं धाडस करते. दूरचं बघायला पुढे वर्षं दिसावी लागतात. तेरा वर्षांच्या, आवाज फुटत असलेल्या मुलाला सहा महिन्यांत फरक पाडून देतो म्हणणाऱ्याने तर एक गोष्ट लपवली आहे: तो फरक त्याचं शरीर ठरवणार, सरांच्या हातात ते नाही.

हे फक्त गाण्यापुरतं नाही. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या प्राथमिक शाळांच्या नोंदी अँड्र्यू हिल आणि डॅनियल जोन्स या अर्थशास्त्रज्ञांनी तपासल्या आणि २०१८ मध्ये निष्कर्ष मांडले. ज्या मुलांना वरच्या इयत्तेत पुन्हा तेच शिक्षक मिळाले, त्यांचे गुण थोडे पण निश्चितपणे वाढलेले दिसले. नवी पुस्तकं नाहीत, नवा अभ्यासक्रम नाही, फक्त ओळखीचा माणूस. आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत पहिलीपासून चौथीपर्यंत एकाच गुरुजींच्या हाताखाली शिकलेली माणसं आजही त्या गुरुजींचं नाव काढतात, त्यामागे हेही एक कारण असावं असं मला वाटतं.

तुमच्या यजमानांचा मुद्दा मात्र मी झटकून टाकणार नाही. सिंधूने कोच बदलले हे खरं आहे, आणि बदलून तिला यशही मिळालं. गोपीचंद यांच्या हाताखाली ती २०१६ मध्ये रिओला रौप्यपदक जिंकली, आणि २०२१ मध्ये टोकियोत ब्राँझ मिळवलं तेव्हा कोरियाचे पार्क ते-संग तिच्या मागे उभे होते. पण ती कोणत्या टप्प्यावर होती ते बघा. लहान वयापासून गोपीचंद यांच्या अकादमीत तिचा सगळा खेळ घडलेला होता. ती जगज्जेती झालेली, पूर्ण वाढलेली खेळाडू होती, आपल्याला काय हवं ते तिला स्वतःला ठाऊक होतं. आणि ती एका माणसाकडून दुसऱ्या एका माणसाकडे गेली, शिक्षकांच्या पाळीपाळीने चालणाऱ्या बॅचमध्ये गेली नाही.

यजमानांना दुसरी दोन उदाहरणंही सांगा. नेमबाज मनू भाकर आणि तिचे प्रशिक्षक जसपाल राणा २०२१ मध्ये टोकियोच्या आधी वेगळे झाले. टोकियोत तिला पदक मिळालं नाही. त्या दिवशी तिचं पिस्तूलही बिघडलं होतं, तेव्हा सगळा दोष कोच बदलण्यावर टाकणं योग्य नाही. पण २०२३ मध्ये ती स्वतः त्यांच्याकडे परत गेली आणि २०२४ मध्ये पॅरिसला एकाच ऑलिंपिकमध्ये दोन ब्राँझ घेऊन आली. आणि त्याच पॅरिसमध्ये आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा नेमबाज स्वप्नील कुसाळे. आदल्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत तो अंतिम फेरीत पुढे होता. शेवटाकडे एक नेम चुकला, आणि तो चौथा आला. सगळ्यांसमोर, हातातोंडाशी आलेलं पदक गेलं. कुणालाही वाटलं असतं, काहीतरी बदलायला हवं. तो आपल्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे यांच्याबरोबरच राहिला. त्या अनेक वर्षं त्याला ओळखत होत्या. १ ऑगस्ट २०२४ ला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये त्याने ब्राँझपदक मिळवलं. तुमच्या मुलाचा चिरकलेला वरचा सा आणि स्वप्नीलचा तो चुकलेला नेम यांची यजमानांनी जरा तुलना करून बघावी. एका चुकीनंतर घरच्यांनी लगेच माणसं बदलली, तर मुलाला त्यातून काय समजतं? चूक भयंकर होती, इतकंच.

बाईंकडे मुलग्याचा आवाज कसा तयार होणार, ही शंका रास्त आहे, पण तिचं उत्तर आपल्या परंपरेत आहे. अल्लादियाखाँसाहेबांनी केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकरांना घडवलं. सवाई गंधर्वांकडे गंगूबाई हनगल शिकल्या, आणि कुंदगोळच्या त्याच घरात भीमसेन जोशीही शिकले. स्त्रीपुरुषांच्या पट्ट्या वेगळ्या, हे काही आजचं नाही. गंगूबाईंचा सुरुवातीचा आवाज तर बारीक आणि उंच होता. घशाच्या त्रासानंतर तो जड आणि खोल झाला. आज आपण ज्याला गंगूबाईंचा आवाज म्हणतो तो बदलल्यानंतरचा. बाईंना स्वतःच्या पट्टीतून उतरून त्याच्या पट्टीत शिकवताना अडचण येते का, हे त्यांनाच मोकळेपणाने विचारा. येत असेल तर प्रामाणिक शिक्षिका सांगेल.

एकाच गुरूला धरून राहणं म्हणजे दुसऱ्या कुणाकडे पाहायचं नाही, असं मात्र समजू नका. किशोरी आमोणकरांची तालीम आईकडे, मोगूबाईंकडे झाली. त्यांनी ज्येष्ठ गायिका अंजनीबाई मालपेकरांकडेही शिकून घेतलं. मूळ हात आईचा राहिला आणि बाहेरून आलेलं त्यात मिसळत गेलं. तुमच्या मुलाला स्टेजची भीती वाटत असेल तर एखादी सुट्टीतली कार्यशाळा, एखाद्या चांगल्या गायकाची मैफल, बाईंना सांगून, जरूर करा.

आणि त्यांचं वय. ६४ हे शिकवायला मोठं वय नाही, पण तुमची काळजी खोटी नाही. धागा तुटण्याची भीती प्रत्येक शिष्याला असते. मोगूबाईंची अल्लादियाखाँसाहेबांकडची तालीम सांगलीत सुरू झाली. खाँसाहेब मुंबईला गेले तशा त्याही मुंबईला आल्या. तरी मध्ये खंड पडला. त्या काळात त्या खाँसाहेबांचे धाकटे भाऊ हैदरखाँ यांच्याकडे शिकल्या आणि पुढे पुन्हा अल्लादियाखाँसाहेबांकडे गेल्या. गायक मल्लिकार्जुन मन्सूर अल्लादियाखाँसाहेबांचे चिरंजीव मंजीखाँ यांच्याकडे शिकत होते. १९३७ मध्ये मंजीखाँ अकाली गेले. तालीम नुकती कुठे रंगात आली होती. मन्सूर मंजीखाँचेच भाऊ बुर्जीखाँ यांच्याकडे गेले. गुरू गेला तरी गाण्याची वाट तीच राहिली, म्हणून पहिलं शिकलेलं पुसावं लागलं नाही. बाईंना आजच विचारून ठेवा: ‘पुढे कधी गरज पडली तर याला तुम्ही कुणाकडे पाठवाल?’ चांगल्या शिक्षिकेच्या मनात ते नाव बहुधा असतंच. शिक्षक बदलण्याचा सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे शिक्षकानेच हात धरून पुढच्याकडे नेऊन सोडणं.

इतकं लिहिल्यावर दुसरी बाजू लिहिली नाही तर मी अप्रामाणिक ठरेन. वर्षं झाली म्हणून नातं चांगलंच असतं, असं अजिबात नाही. फार ओळखीचा एक धोका असतो. मूल पुढे जातं आणि शिक्षकाच्या डोळ्यांपुढे जुनंच मूल राहतं. ‘हा असाच आहे, याला ताना जमत नाहीत’ असं एकदा ठरलं की दहा वर्षं तेच ऐकू येत राहतं. म्हणून बाईंना भेटाल तेव्हा त्यांना एवढंच विचारा: ‘सध्या कसा आहे हो हा?’ आणि नीट ऐका. त्यांनी या चार महिन्यांतला मुलगा सांगितला, तो कुठल्या स्वराला थांबतो, कधी गप्प होतो, कुठली पट्टी चालेलशी वाटते, तर निर्धास्त राहा. त्यांनी सात वर्षांच्या गोड आवाजाच्या बाळाच्याच आठवणी सांगितल्या आणि आजचा मुलगा त्यात कुठेच दिसला नाही, तर मग मीही तुम्हाला दुसरीकडे बघा असं म्हणेन.

आणखी काही गोष्टींत तर थांबूच नये. जिथे मुलाचा अपमान होतो, मारलं जातं, इतरांचं गाणं ऐकायलाही बंदी असते, आईवडिलांनी दारात उभं राहिलेलं चालत नाही, किंवा मुलाला घरी न सांगण्यासारखं काही सांगितलं जातं, तिथून त्याच दिवशी बाहेर पडावं. गुरूविषयीचा आदर या गोष्टींच्या आड येऊ देऊ नये. तुमच्या पत्रात असं काही नाही. उलट तुम्ही दारात उभ्या होतात आणि शिकवणी चालू राहिली, हेच मला चांगलं लक्षण वाटलं.

आता मुलाशी बोलायचं. ‘बाई बदलायच्या का?’ हा प्रश्न तेरा वर्षांच्या मुलाला विचारू नका. त्यात त्याला बाबांच्या आणि बाईंच्या मधून एकाला निवडावं लागतं, म्हणून तो ‘तुम्ही म्हणाल तसं’ म्हणून सुटका करून घेतो. संध्याकाळी दोघं भाजी आणायला जाल तेव्हा, समोरासमोर न बसता, विचारा की क्लासला निघताना पोटात कसं होतं. तिथून येताना कसं वाटतं. गाणंच नकोसं झालंय का? हे शेवटचं विचारताना तुमचा आवाज अगदी साधा ठेवा. ‘हो’ म्हणाला तर घाबरू नका. या काळात पुष्कळ मुलग्यांना तसं वाटतं. एखाद दिवस क्लास बुडवू द्या, पेटी किंवा तबला हातात द्या, ऐकणं मात्र चालू ठेवा. डिसेंबरात पुण्याला सवाई गंधर्व महोत्सवाला एखाद्या दिवसासाठी घेऊन जा. पुरुषांचे भरदार आवाज समोर बसून ऐकले की आपला आवाज कुठे निघाला आहे हे त्याला कळेल, आणि खाली जाणं हे त्याला नुकसान वाटणार नाही.

एक वैद्यकीय गोष्ट. आवाज चिरकणं, मध्येच जाड-बारीक होणं या वयात स्वाभाविक आहे. पण घसा सतत तीन आठवड्यांहून जास्त बसलेला राहिला, बोलताना दुखलं, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. रियाजाने ते बरं होत नाही.

बाईंशी बोलायला रिकाम्या हाताने आणि रिकाम्या वेळी जा, शिकवणी चालू असताना दारात उभं राहून नको. आधी फोन करा. ‘बाई, मला याच्या गाण्याविषयी समजून घ्यायचंय, कधी येऊ?’ एवढंच म्हणा. तुम्ही चार महिन्यांत नवा राग का नाही असं विचारलंत तर त्यांना जाब विचारल्यासारखं वाटेल. तेच ‘आत्ता तुम्ही त्याच्याकडून काय करून घेताय, मला सांगाल का? घरी मी काय करू?’ असं विचारलंत तर त्या बोलतील. कदाचित फार बोलतीलही, कारण बहुतेक शिक्षकांना हे कुणी विचारतच नाही. स्पर्धेत मुलं हसल्याचं, त्यानंतर तो घरी कसा आहे, ते सांगा. अकॅडमीचा विचार मनात आला होता हेही सांगून टाका. लपवून ठेवलेली गोष्ट तुम्हालाच झोपू देणार नाही, आणि ६४ वर्षांच्या शिक्षिकेला असे प्रश्न नवे नसतात.

बाईंकडूनही तुम्ही काही मागू शकता. दर तीन महिन्यांनी पाच मिनिटं, मुलासमोर, काय झालं आणि पुढे काय, एवढं सांगायला सांगा. वडिलांना त्यात आवर्जून बसवा. पुष्कळ वडील अधीर असतात, कारण त्यांना कामाचा आराखडा कुणी दाखवलेलाच नसतो.

मध्यमा प्रथमचा, म्हणजे पुढच्या परीक्षेचा, फॉर्म या सत्राला भरू नका, अगदी अकॅडमीने ‘करून घेतो’ म्हटलं तरी. गांधर्वच्या परीक्षा वर्षातून दोनदा होतात, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये. एक-दोन सत्रं गेली म्हणून कुणाचं काही अडत नाही. पट्टी ठरली, दम आला, की बाईंनी सांगितलेल्या सत्राला बसवा.

आणि सवलत. महिनाअखेरीची मुदत तुमच्या मुलाच्या गळ्याने ठरवलेली नाही, ती अकॅडमीच्या हिशोबाने ठरली आहे. वर्षाची फी एकदम भरू नका. यजमानांचं मन राखायचं असेल तर दोघं मिळून तिथे जा आणि तीन गोष्टी विचारा: माझ्या मुलाला वर्षभर एकच शिक्षक मिळेल का, गेल्या दोन वर्षांत इथले किती शिक्षक सोडून गेले, आणि आवाज फुटत असलेल्या मुलग्याला तुम्ही पहिल्या महिन्यात काय शिकवता. तिसऱ्या प्रश्नाला त्यांनी ‘पट्टी उतरवून आधी सा शोधतो’ असं सांगितलं, तर शिक्षक जाणते आहेत हे नक्की. अशा जाणत्या शिक्षकाला तुम्ही हेही विचारू शकता, की सहा वर्षं शिकवत आलेल्या बाई असताना मूल आत्ता इकडे आणावं का. त्यांचं उत्तर यजमानांनी स्वतःच्या कानांनी ऐकलेलं बरं.